चिनी कवितेतले ढग कसे वाचावेत: नवख्या वाचकासाठी

ढग म्हटलं की आपल्या मनात आधी पाऊस येतो. आषाढ, वाट पाहणं, निरोप. रामगिरीवरून यक्षाने अलकेला धाडलेला मेघ तर शाळेपासून डोक्यात बसलेला असतो. ही सवय घेऊन जुनी चिनी कविता उघडली की पंचाईत होते. ढग पानोपानी आहेत, पाऊस मात्र बेताचाच. आणि विरहिणीपेक्षा डोंगरात जाऊन राहिलेले विरक्त, नोकरी गेलेले अधिकारी आणि घोड्यावर बसून निघालेले मित्र जास्त भेटतात.

ढगाबरोबर निरोप पाठवायचा प्रयत्न तिथेही झालेला आहे, आणि तोही कालिदासाच्या काही शतकं आधी. छ्यू युआन हा इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकातला कवी. त्याच्या नावावर असलेल्या एका दीर्घ कवितेत बोलणारा म्हणतो, तरंगत्या ढगाजवळ निरोप द्यावा म्हटलं, पण मेघांचा देव फंगलोंग भेटला आणि त्याने तो न्यायला नकार दिला. परतणाऱ्या पक्ष्याला सांगावं, तर तो फार उंचावरून भरधाव निघालेला. पुढे चिनी कवितेत पत्र नेण्याचं काम रानहंसांकडे गेलं. बाराव्या शतकात ली छिंगझाओ ही कवयित्री ढगांमधून पत्र कोण पाठवतंय म्हणून वर बघते, तेव्हा तिलाही हंसांचीच रांग अपेक्षित असते. तेव्हा मेघदूत थोडा वेळ बाजूला ठेवा.

हा लेख चिनी न येणाऱ्यांसाठी आहे. अनुवादातून वाचतानाही ढग नीट वाचता येतात. फक्त ‘ढग म्हणजे अमुक’ अशी यादी पाठ करू नका. तीच ती पांढरी वाफ एका कवितेत सुटका असते आणि दुसरीत राजकारण. ढग त्या ओळीत काय करतोय ते बघायचं: चाललाय, वर येतोय, झाकतोय, की नुसता आहे.

पहिली पायरी: चार ओळींपासून सुरुवात करा

तांग काळ (६१८ ते ९०७) हा चिनी कवितेचा भरात आलेला काळ. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तांग कवितांचा जो बादशाही संग्रह झाला त्यात सुमारे ४९ हजार कविता आहेत, त्यामुळे ‘सगळं वाचून काढू’ हा विचार सोडा. त्याच शतकात सुन झू नावाच्या विद्वानाने मुलांना शिकवण्यासाठी तीनशेच्या आसपास तांग कविता निवडल्या. ती निवड आजही चिनी घरांत असते आणि तिचे इंग्रजी अनुवाद सहज मिळतात. तीच घ्या.

तिच्यातल्या सगळ्यात छोट्या कवितांना चार ओळी असतात, ओळीत पाच किंवा सात अक्षरं. म्हणजे अख्खी कविता वीस किंवा अठ्ठावीस अक्षरांची. प्रत्येक अक्षर हा साधारणपणे एक शब्द, म्हणून अक्षरागणिक अर्थ दिलेली प्रत मिळाली तर अनुवादापेक्षाही आधी ती बघा. वीस शब्दांत कवीने दोन ढगाला दिले असतील, तर ते शोभेसाठी नक्कीच नाहीत.

शोधताना नावांचा घोळ होतो. जुन्या अनुवादांतला ली पो आणि नव्यांतला ली बाय हा एकच कवी, तसेच तू फू आणि दू फूही एकच. (‘ली बाई’ असंही लिहितात, पण मराठीत त्याने भलताच गैरसमज होईल.)

पहिली कविता मात्र तांगच्या आधीची घ्या. थाओ होंगजिंग (४५६–५३६) दरबारातली नोकरी सोडून डोंगरात जाऊन राहिला. सम्राटाने विचारणा केली की त्या डोंगरात असं आहे तरी काय? उत्तरादाखल चार ओळी गेल्या:

डोंगरात काय आहे म्हणता?
माथ्यावर पुष्कळ पांढरे ढग.
माझे मीच बघून खूश व्हावं असे;
आपल्याला पाठवता येतील असे नाहीत.

शब्दांत कुठेही उद्धटपणा नाही, आणि तरी सम्राटाला ‘नाही’ म्हटलेलं आहे. या ढगांचा गुण एकच, ते देता येत नाहीत. खजिन्यात जमा होत नाहीत, नजराणा म्हणून जात नाहीत. पांढरा ढग म्हणजे दरबाराबाहेरचं आयुष्य, ही खूणगाठ चिनी कवितेत पुढे पक्की झाली ती अशा कवितांमधून.

दुसरी पायरी: शीर्षक वगळू नका

आपण कवितेचं शीर्षक बरेचदा नुसतं वाचून पुढे जातो. चिनी कवितेत शीर्षक हा कामाचा कागद आहे: कोण, कुठे, कधी, कुणाला. ‘अमुक मित्राला निरोप’, ‘अमुक मनोऱ्यावर चढून’, ‘परतीच्या वाटेवर’. ढगाचा निम्मा अर्थ तिथेच ठरतो.

ज्या दाओची (७७९–८४३) वीस अक्षरांची कविता बघा. पाइनच्या झाडाखाली एका पोराला विचारलं. म्हणाला, गुरुजी औषधी वनस्पती गोळा करायला गेलेत. याच डोंगरात आहेत, पण ढग इतके दाट की कुठे ते सांगता येत नाही. एवढंच. शीर्षक न वाचता हे निसर्गचित्र वाटतं. शीर्षकाचा अर्थ आहे, ‘विरक्ताला भेटायला गेलो, भेट झाली नाही’. आता पुन्हा वाचा. पाहुण्याने निदान तीन प्रश्न विचारलेत: गुरुजी कुठे, कशाला गेले, नेमके कुठल्या बाजूला. कवितेत प्रश्न एकदाच नोंदलाय, बाकीचे उत्तरांवरून कळतात. आणि भेट न होणं हीच त्या विरक्ताची खरी ओळख आहे. सहज सापडला असता तर तो कसला विरक्त? ढगाचं इथलं काम त्या माणसाला लपवण्याचं आहे. तो डोंगरात ‘आहे’ हे नक्की, ‘कुठे’ हे नाही.

उलट टोकाचं उदाहरण सू शीचं (१०३७–११०१). १०७२ मध्ये तो हांगझौला अधिकारी असताना लिहिलेल्या कवितेचं शीर्षक म्हणजे चक्क तारीख आहे: सहाव्या महिन्याची सत्तावीस, तलाव दिसणाऱ्या मनोऱ्यात, दारूच्या अमलात. काळे ढग शाई सांडल्यासारखे आले, अजून डोंगर झाकला गेला नाही, तोवर पांढऱ्या सरी मोत्यांसारख्या उड्या मारत नावेत. जमीन गुंडाळत वारा आला, सगळं उडवून लावलं, आणि मनोऱ्याखाली पाणी आकाशासारखं. वळवाची सर ज्याने अंगावर घेतली आहे त्याला इथे टिपणांची गरज नाही. या ढगात कुठलाही दुष्ट मंत्री शोधू नका. नव्याने प्रतीकं शिकलेला वाचक सगळीकडे प्रतीकं बघतो, आणि अशा कवितेचा चिखल करतो.

तिसरी पायरी: ढग काय करतोय?

चालणारा ढग हा प्रवासी. ली बायची (७०१–७६२) मित्राला निरोप देणारी कविता आहे. तिच्यातली एक जोडी: तरंगता ढग, प्रवाशाचं मन, मावळता सूर्य, जुन्या मित्राची माया. जाणारा ढगासारखा निघतो, राहणाऱ्याला सूर्यासारखं मावळणं लांबवावंसं वाटतं. शेवटी हात हलवले जातात आणि घोडे खिंकाळतात. दू फूने (७१२–७७०) पुढे याच ली बायबद्दल स्वप्नं पडल्यावर लिहिलं: तरंगता ढग दिवसभर चाललाय, प्रवासी मात्र कितीतरी दिवसांत आला नाही. ली बाय तेव्हा शिक्षा होऊन दूर पाठवला गेला होता. ढग तोच, पण इकडे तो परतत नसलेल्या माणसाची आठवण करून देतो.

वर येणारा ढग वेगळा. थाओ युआनमिंगने (३६५–४२७) इ.स. ४०५ मध्ये पंगझे इथली अधिकाऱ्याची जागा ऐंशीएक दिवसांत सोडली आणि घरी परतताना लिहिलं की ढग काही मनात न धरता डोंगराच्या कपारीतून बाहेर येतात, आणि पक्षी उडून थकले की परतायचं त्यांना कळतं. पहिला भाग नोकरीत कसा गेलो याचा, दुसरा का परतलो याचा. एका ओळीत राजीनाम्याचं कारण देऊन टाकलंय.

मग वांग वेई. आठव्या शतकातला हा कवी, चित्रकार आणि सरकारी अधिकारी. राजधानी छांगआन म्हणजे आजचं शीआन, आणि तिच्या दक्षिणेला चुंगनान पर्वतरांग. तिथल्या राहणीवरची त्याची आठ ओळींची कविता सावकाश वाचण्यासारखी आहे. सुरुवातीला तो सांगतो की मधल्या वयात धर्माची ओढ लागली, उतारवयात दक्षिणेच्या डोंगराच्या कडेला घर केलं, लहर आली की एकटाच हिंडतो. मग ती प्रसिद्ध जोडी:

चालत गेलो पाणी संपतं तिथवर,
बसून पाहिलं ढग उठतात त्या वेळी.

ओढ्याच्या काठाने वर वर जायचं, तर एका जागी पाणी संपतं. वाटही तिथेच संपते. इथे दुसरा कुणी उसासा टाकला असता, ‘आयुष्याचंही असंच’ म्हणाला असता. वांग वेई बसतो. त्याच जागेतून ढग उठायला लागतात. पाणी संपलं ते ‘ठिकाण’ आणि ढग उठतात ती ‘वेळ’, अशी शब्दांची जुळणी मूळ ओळीतच आहे. एकात जागा संपते, दुसऱ्यात वेळ सुरू होते. ढग पाण्यातूनच बनतात हे आपल्याला शाळेत शिकवलंय, त्यामुळे पाणी खरं तर संपलेलंच नाही असंही वाचता येतं. कवी ते बोलत नाही. पुढे योगायोगाने रानात एक म्हातारा भेटतो, गप्पा आणि हसण्यात परतायची वेळ ठरत नाही. एवढ्या उंच ओळीनंतर कविता म्हाताऱ्याशी गप्पा मारण्यावर संपते, हे मला ढगाइतकंच आवडतं.

एक लक्षात असू द्या: वांग वेई पूर्णवेळ विरक्त नव्हता. शेवटपर्यंत सरकारी पदावर होता, डोंगरातलं घर नोकरी सांभाळून होतं. त्याच्या कवितेतल्या पांढऱ्या ढगांना थोडा सुट्टीचा वास आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही.

आता झाकणारा ढग. नवख्या वाचकाची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. हान राजवटीच्या सुरुवातीला, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, लू ज्या या दरबारी विचारवंताने लिहून ठेवलं की दुष्ट मंत्री लायक माणसाला झाकतात, ते तरंगत्या ढगांनी सूर्यचंद्र अडवावेत तसं. सूर्य म्हणजे सम्राट हे तर ठरलेलंच. तेव्हापासून ‘ढगाने सूर्य झाकला’ ही ओळ दिसली की चिनी वाचक हवामानाचा विचार करत नाही, दरबारात कोण कुणाच्या कानाला लागलंय हे बघतो.

ली बाय ७४२ मध्ये छांगआनच्या दरबारात पोचला आणि ७४४ मध्ये बाहेर पडला. पुढे चिनलिंगच्या, म्हणजे आजच्या नानचिंगच्या, फीनिक्स चौथऱ्यावर चढून त्याने लिहिलेल्या कवितेचा शेवट असा: तरंगते ढग सूर्याला झाकू शकतात, नेहमी तसंच होतं, छांगआन दिसत नाही, माणूस खिन्न होतो. नकाशा बघा. नानचिंगहून छांगआन नऊशेहून जास्त किलोमीटर दूर आहे. निरभ्र दिवशीही ते दिसणार नव्हतं. न दिसण्याचं खापर ढगांवर फोडलंय, म्हणजे ते ढग आकाशातले नाहीत.

या कवितेमागे आणखी एक आहे. छुई हाओ या कवीने वुहानच्या पीतक्रौंच मनोऱ्यावर लिहिलं होतं की पिवळा क्रौंच गेला तो परत आला नाही, पांढरे ढग हजार वर्षं उगाच तरंगताहेत. आख्यायिका अशी की ली बाय तिथे गेला, भिंतीवरची ती कविता वाचली आणि ‘याच्यापुढे काय लिहू’ म्हणून परत फिरला. फीनिक्स चौथऱ्यावरची कविता हे त्याचं उत्तर मानतात. आख्यायिका खरी असो-नसो, दोन्ही कविता एकाच तीन अक्षरांनी संपतात, ‘माणूस खिन्न होतो’. शेजारी ठेवून वाचा. छुई हाओचे ढग मागे उरलेले आहेत, ली बायचे आडवे आलेले.

मग तीनशे वर्षांनी वांग आनशी येतो. १०५० मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, फेइलाय शिखरावरच्या मनोऱ्यावर चढून तो लिहितो की तरंगते ढग नजर अडवतील याची भीती नाही, कारण मी सगळ्यात वरच्या मजल्यावर उभा आहे. ली बायची ओळ माहीत नसेल तर हे नुसतं उत्साही वाक्य. माहीत असेल तर कळतं की तरुण अधिकारी सांगतोय, मला कुणी झाकू शकणार नाही. वीसेक वर्षांनी तो खरोखरच मुख्यमंत्री झाला आणि त्याच्या सुधारणांनी अख्खा दरबार दोन तटांत फाटला. विरुद्ध तटात सू शी होता. त्या भांडणाचे पडसाद पुढे अनेक वर्षं उमटत राहिले आणि १०९७ मध्ये सू शीची रवानगी थेट हायनान बेटावर झाली. ११०० मध्ये माफी मिळून रात्री समुद्र ओलांडताना त्याने लिहिलं: ढग पांगले, चंद्र उजळ, आता आणखी सजावट कुणी करायची? आकाशाचा चेहरा, समुद्राचा रंग मुळातच निर्मळ. पुढच्याच वर्षी तो वारला. वांग आनशीची ओळ मला जरा छाती काढून म्हटल्यासारखी वाटते. सू शीची ओळ तक्रार न करता मुळात काय स्वच्छ होतं ते सांगते, आणि जिव्हारी लागते.

चौथी पायरी: ढगाच्या समोर काय ठेवलंय?

आठ ओळींच्या नियमबद्ध कवितेत मधल्या दोन जोड्या समांतर असतात: नामासमोर नाम, क्रियापदासमोर क्रियापद. म्हणून ढग दिसला की शेजारच्या ओळीत त्याच जागी कोण आहे ते शोधा. थाओ युआनमिंगच्या ढगासमोर थकलेला पक्षी आहे, वांग वेईच्या ढगासमोर संपलेलं पाणी, ली बायच्या ढगासमोर मावळता सूर्य.

दू फूच्या उतारवयातली एक जोडी घ्या. ढगाचा तुकडा, आकाशासोबत दूर. लांबच लांब रात्र, चंद्रासारखीच एकटी. दूर कोण आहे, ढग की कवी? एकटं कोण, चंद्र की कवी? मूळ ओळीत ‘मी’ नाही, आणि चिनी काव्यात तो बहुधा नसतोच. अनुवादक ‘मी त्या ढगासारखा’ असं भरून टाकतात. ते ‘सारखा’ मनातल्या मनात खोडून वाचून बघा.

पाचवी पायरी: रंग, आणि एक सावधगिरी

रंगांचं थोडक्यात. पांढरा म्हणजे डोंगर, विरक्ती. निळा ढग म्हणजे मोठं पद, वर चढण्याची आकांक्षा. पिवळा ढग सरहद्दीचा, धुळीने भरलेला. गाव शी या कवीच्या निरोपाच्या कवितेत हजार मैल पिवळे ढग आहेत आणि त्यात दिवस अंधुक झालाय. रंगीबेरंगी ढग आनंदाचे. ७५९ मध्ये हद्दपारीच्या वाटेवर माफी मिळाल्यावर ली बाय बाइदी नगरातून पहाटे निघतो तो रंगीत ढगांमधून.

सावधगिरी वू पर्वताबद्दल. यांगत्से नदीच्या खोऱ्यातला हा डोंगर. सोंग यूच्या नावावर असलेल्या जुन्या रचनेत छू देशाच्या राजाच्या स्वप्नात तिथली देवता येते आणि जाताना सांगते की सकाळी मी ढग असते, संध्याकाळी पाऊस. तेव्हापासून ढग आणि पाऊस एकत्र, त्यात वू पर्वत, म्हणजे शृंगार. युआन झेन (७७९–८३१) जेव्हा म्हणतो की महासागर पाहिल्यावर दुसरं पाणी पाणी वाटत नाही, आणि वू पर्वताखेरीज कुठले ढग ढगच नव्हेत, तेव्हा तो गेलेल्या पत्नीबद्दल बोलतोय असं बहुतेक मानतात. आपल्या मेघाशी सर्वात जवळचं नातं लागतं ते इथे.

सहावी पायरी: नुसतं आकाश

ढग नसलेलं आकाश शरद ऋतूचं, उंच. दू फू ७६७ मध्ये यांगत्सेकाठच्या क्वेइझौमध्ये आजारी असताना उंचावर चढतो तेव्हा पहिल्याच ओळीत जोराचा वारा, उंच आकाश आणि माकडांचं विलपणं आहे. आकाश इथे माणसाचं माप घ्यायला वापरतात. त्याचाच रात्रीच्या नावेतला प्रश्न आहे: तरंगत असा मी कशासारखा? आकाश आणि पृथ्वीमध्ये एक समुद्रपक्षी. शिवाय आकाश म्हणजे नियती आणि सत्तेचा उगमही, सम्राट हा आकाशाचाच पुत्र. सू शी १०७६ च्या शरद पौर्णिमेला प्याला उचलून निळ्या आकाशाला विचारतो की चंद्र कधीपासून आहे, तेव्हा तो जरा वरच्या दरबारातच चौकशी करतोय.

पुढे काय वाचायचं

एकाच कवितेचे दोन अनुवाद शेजारी ठेवा. फरक दिसला तर लगेच एकाला चूक ठरवू नका, कधी मूळ पाठच दोन असतात. दू मूच्या (८०३–८५२) डोंगरवाटेच्या कवितेत पांढरे ढग ‘जन्मतात’ तिथे घरं आहेत असा एक पाठ, आणि ढग ‘दाट’ आहेत तिथे असा दुसरा. दोन्ही चालतात. मला जन्मणारे बरे वाटतात, कारण तिथे खाली चूल पेटलेली असणार.

क्रम विचाराल तर असा: थाओ होंगजिंग, ज्या दाओ, सू शीची तलावावरची सर, मग वांग वेई. ली बाय, वांग आनशी आणि परतीचा सू शी हे तिघं एका बैठकीत, याच क्रमाने. दू फूला घाई करू नका, त्याच्या ढगांना त्याचं चरित्र लागतं. आणि ‘ली हे’ नावाचा कवी (७९०–८१६) सगळ्यात शेवटी. त्याचे काळे ढग शहरावर असे दाबून येतात की तटबंदी आता कोसळेल असं वाटतं. ते वादळ आहे की चालून आलेलं सैन्य, यावर टीकाकारांचं अजून एकमत नाही. तोवर तुम्हीही त्या वादात बाजू घेण्याइतके तयार झालेले असाल.